अॅडमिन अडलं, तर किती मोजायचे?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात वेबसाइट ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, शाळा, कृषी सेवा केंद्र, कुणाची ना कुणाची असतेच. बहुतेक वेळा ती ओळखीतल्या एखाद्या पोराने, पुण्यात शिकत असताना, सुट्टीत करून दिलेली असते. चालते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मग ऐन सोयाबीनच्या हंगामात आजचा भाव चढवायला बसावं, लॉगिनचं बटण दाबावं आणि समोर इंग्रजीत '403' असा आकडा यावा, की शोधाशोध सुरू होते. तो पोरगा एव्हाना हिंजवडीत नोकरीला लागलेला. फोन उचलला तर उचलला. तालुक्याचा संगणकवाला म्हणतो, 'सगळं नव्याने करावं लागेल.' शहरातली एजन्सी कोटेशन पाठवते आणि ते पाहून अध्यक्ष म्हणतात, 'राहू द्या, भाव फळ्यावरच लिहू.'

हा लेख त्या कोटेशनविषयी आहे. अॅडमिन पॅनलमध्ये जे बिघाड होतात त्यांतले बरेचसे पोर्टलचे नसतातच, ते सेटिंगचे असतात. एखाददुसरी ओळ चुकलेली असते किंवा सर्व्हर बदलताना बदलायची राहून गेलेली असते. ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात, ती शोधायला तास-दोन तास. पैसे द्यायचे ते या शोधण्याचे. मोटर बंद पडली तर आपण आधी फ्यूज पाहतो, नवी विहीर खणायला घेत नाही. इथे मात्र भलेभले थेट विहिरीच्या खर्चाला मान्यता देऊन मोकळे होतात.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा

पत्त्याच्या शेवटी 'अॅडमिन' आणि पानाच्या माथ्यावर निळसर-हिरव्या पट्टीत इंग्रजीत 'जँगो अॅडमिनिस्ट्रेशन' असं दिसत असेल, तर तुमचं पोर्टल जँगो या फ्रेमवर्कवर उभं आहे. काही जण ते नाव बदलून संस्थेचं नाव टाकतात, पण पट्टी आणि डावीकडची यादी तीच राहते. पट्टी वेगळी असेल, म्हणजे वर्डप्रेस किंवा लॅरावेल असेल, तर पुढचे आकडे आणि ओळी बदलतील. हिशोबाची पद्धत मात्र तीच.

जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावचं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे दैनिक. तिथे 2003 मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी रोजच्या घाईसाठी हे साधन घडवायला घेतलं. बातमीदार, संपादक प्रोग्रामर नव्हेत, त्यांना मजकूर चढवता यायला हवा, म्हणून माहितीचा आराखडा लिहिला की तिचं अॅडमिन आपोआप तयार व्हावं अशी सोय त्यात आली. जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हापासून ते फुकट आहे. त्यामुळे बिलात 'जँगो लायसन्स फी' किंवा 'अॅडमिन मॉड्यूल शुल्क' असं काही दिसलं, तर त्यावर सरळ काट मारा. आणि 'हे जुनाट आहे, टिकत नाही' असं कुणी म्हटलं, तर इन्स्टाग्राम याच जँगोवर वाढलं एवढं सांगितलं तरी पुरे.

आवृत्ती मात्र विचारून ठेवा. जँगोच्या काही आवृत्त्यांना तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. 3.2 या आवृत्तीची मुदत एप्रिल 2024 मध्ये संपली, 4.2 ची एप्रिल 2026 पर्यंत, आणि एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 5.2 ला एप्रिल 2028 पर्यंत आधार आहे. आपलं पोर्टल यांतल्या कुठल्या खणात बसतं, यावर पुढचा मोठा खर्च ठरतो.

फोन करण्याआधी

बहुतेक संभाषणं अशी होतात:

'दादा, आपलं पोर्टल बंद पडलं.'

'काहून? काय दिसून राह्यलं?'

'काहीच नाही दिसत ना.'

या तीन वाक्यांची किंमत सहज पाचशे रुपये आहे, कारण आता समोरच्याने अंधारात चाचपडायचं आणि त्या चाचपडण्याचे तास लावायचे. त्याऐवजी पडद्याचा फोटो काढून पाठवा. 400, 403, 404, 413, 500, 502 यांतला कुठला आकडा आहे ते लिहा. कालपर्यंत चालत होतं का, मध्ये कुणी सर्व्हर, डोमेन किंवा पासवर्ड बदलला का, तेही सांगा. दुसऱ्या मोबाइलवर, ब्राउझरच्या गुप्त खिडकीत उघडून पाहा; तिथे चालत असेल तर दोष तुमच्या ब्राउझरच्या साठवणीत आहे आणि खर्च शून्य. पत्ता एकदा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि एकदा न लावता टाकून पाहा. एका पत्त्यावर उघडतं आणि दुसऱ्यावर 400 येतं, एवढं कळलं तरी जाणकाराला अर्धं निदान हातात मिळतं.

आणखी एक: या कामासाठी कुणीही इंझोरीला यायची गरज नसते. सर्व्हर बंगळूरला किंवा मुंबईला असतो, तो कुठूनही उघडता येतो. 'व्हिजिट चार्ज' आणि गाडीभाडं द्यायचं ते प्रिंटर दुरुस्तीला, याला नाही.

कशाचे किती

पुढचे आकडे कुठल्या सरकारी दरपत्रकातले नाहीत. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, बऱ्यापैकी जाणकार माणसाच्या एका तासाला सहाशे ते बाराशे रुपये असा दर धरून केलेला माझा हिशोब आहे. पुण्यातली कंपनी याच्या दुप्पट-तिप्पट सांगेल. तिचं कार्यालय, तिची माणसं, तिचा खर्च वेगळा. पण तास फारसे बदलायला नकोत. म्हणून घासाघीस दरावर करण्यापेक्षा तासांवर करा.

आधी फुकटातली कामं. वापरकर्ता आणि पासवर्ड बरोबर असूनही पान म्हणतं की 'स्टाफ खात्याचं' नाव-पासवर्ड टाका, तर पासवर्ड पुन्हा तपासून घ्या आणि मग तुमच्या नावापुढची 'स्टाफ स्टेटस' ही खूण काढली गेली आहे का ते पाहा. आत जाता येतं पण काहीही पाहायची वा बदलायची परवानगी नाही असं येत असेल, तर खूण आहे, अधिकार दिलेले नाहीत. दोन्ही गोष्टी संस्थेतल्या दुसऱ्या मुख्य खातेदाराने आत जाऊन दोन टिचक्यांत करायच्या आहेत. म्हणून मुख्य खाती दोन असावीत, एक सचिवाचं आणि एक अध्यक्षाचं. 404 आलं तर बनवणाऱ्याने सुरक्षेसाठी अॅडमिनचा पत्ताच बदलून ठेवलेला असू शकतो. जुने ईमेल चाळा.

पासवर्ड विसरला, हा प्रकार जरा नीट समजून घ्या, कारण इथे लूट होते. जँगोच्या अॅडमिनमध्ये 'पासवर्ड विसरलात?' ही सोय आपोआप येत नाही, ती जोडावी लागते. म्हणून ती दिसत नाही. जुना पासवर्ड कुणालाच 'काढून' देता येत नाही, कारण तो साठवलेलाच नसतो. त्याचं उलट न फिरवता येणारं रूप साठवलेलं असतं. त्यामुळे 'हॅक करून काढावा लागेल, पाच हजार होतील' असं म्हणणारा एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड. सर्व्हरची चावी हातात असेल तर नवा पासवर्ड बसवायला एक आज्ञा पुरते. तीनशे रुपये द्या, चहा पाजा.

आता सर्वांत घाबरवणारा आणि सर्वांत स्वस्तातला बिघाड. पान उघडतं, पण रंग गेलेले, पट्टी गेलेली, पांढऱ्या कागदावर निळ्या दुव्यांची रांग. लोकांना वाटतं व्हायरस आला. झालेलं एवढंच असतं की रंगरूपाच्या फाइली, ज्यांना 'स्टॅटिक' म्हणतात, त्या सर्व्हरला सापडत नाहीत. जँगो प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत या फाइली स्वतः वाढत नाही. त्या 'कलेक्टस्टॅटिक' या आज्ञेने एका ठिकाणी गोळा करून जँगोच्या पुढे बसणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरला किंवा 'व्हाइटनॉइज' या जोडणीला दाखवून द्याव्या लागतात. सर्व्हर बदलल्यावर किंवा आवृत्ती चढवल्यावर ही पायरी हमखास राहते. तासाभराचं काम, सहाशे ते बाराशे.

400 आलं, तर 'अलाउड होस्ट्स' या यादीत तुमचा पत्ता नाही. नवीन डोमेन घेतलं आणि यादीत टाकायचं राहिलं, एवढीच भानगड. अर्धा तास. पण हेच 400 वेगळ्या वेळी आलं, म्हणजे हजाराहून जास्त सभासदांची यादी एकदम निवडून काही करू गेल्यावर, तर कारण वेगळं आहे: एका वेळी 1000 पेक्षा जास्त रकाने जँगो मुळात स्वीकारत नाही. मर्यादा वाढवता येते, किंवा यादी तुकड्यांनी निवडा, तेही फुकट.

फोटो चढवताना 413 येतं तेव्हा दोष जँगोचा नसतोच. त्याच्या पुढे बसलेला एनजिनएक्स मुळात 1 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही आणि आजच्या मोबाइलचा साधा फोटोही त्याहून मोठा असतो. एक ओळ, अर्धा तास.

403 जरा खोलात जाऊन पाहू, कारण कोटेशनं फुगतात ती याच्यावर. लॉगिनचं पान छान दिसतं, नाव-पासवर्ड टाकून बटण दाबलं की 'सीएसआरएफ' पडताळणी फसली असा निरोप. ही पडताळणी म्हणजे फॉर्म खरोखर तुमच्याच साइटवरून आला की दुसऱ्या कुणी मागच्या दाराने पाठवला, याची खातरजमा. डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून जँगो ब्राउझरने सांगितलेला मूळ पत्ताही ताडून पाहतो. आता समजा, साइटला सुरक्षित प्रमाणपत्र बसवलं. ब्राउझर म्हणतो, मी 'एचटीटीपीएस'वरून आलोय. पण दारातला एनजिनएक्स ते कुलूप उघडून आत जँगोला साध्या 'एचटीटीपी'ने निरोप देतो. जँगोच्या दृष्टीने दोन पत्ते जुळत नाहीत, म्हणून नकार. उपाय दोन: एनजिनएक्सने 'मूळ विनंती सुरक्षित होती' हे आत कळवायचं आणि जँगोने ते मानायचं अशी जोडी बसवणं, किंवा 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स' या यादीत पत्ता लिहिणं. या यादीत 4.0 पूर्वी नुसतं डोमेन चालायचं, आता आधी 'एचटीटीपीएस://' लावावंच लागतं. जुनी सेटिंग तशीच उचलून नव्या आवृत्तीवर ठेवली की अडलंच. एक ते दोन तास, म्हणजे सहाशे ते चोवीसशे. यासाठी पोर्टल नव्याने करायला सांगणाऱ्याला हे दोन उपाय तोंडपाठ सांगता येतात का, ते विचारून पाहा.

याच घराण्यातला आणखी एक: लॉगिन होतं, आणि लगेच पुन्हा लॉगिनचंच पान. पासवर्ड चूक असल्याचा निरोपही नाही. तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनची कुकी फक्त सुरक्षित पत्त्यावर द्यायची असं सेटिंगमध्ये लिहिलेलं आणि तुम्ही मात्र साध्या पत्त्याने आलेले. पत्त्याच्या आधी 'एचटीटीपीएस' लावून पाहा. चाललं तर खर्च शून्य.

500 मात्र पोतडी आहे. आत काहीतरी फुटलं एवढंच तो सांगतो. डेटाबेसचे बदल चढवायचे राहिले, डिस्क भरली, एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल ज्या फोल्डरात आहे तिथे लिहायची परवानगी नाही, अशी कारणं डझनभर. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचल्याशिवाय कुणीही आकडा सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. इथे 'आधी निदान, मग दर' असं बोला: दोन तासांच्या निदानाचे बाराशे ते चोवीसशे, हाती लेखी कारण, दुरुस्ती त्यानंतर ठरवू.

मराठीची खास दुखणी

नावं '????' अशी दिसू लागली तर डेटाबेसची अक्षरपद्धती देवनागरीला अनुकूल नाही. माय एसक्यूएल डेटाबेसवर 'यूटीएफ-8 एमबी-4' ठेवायला हवी. ती बदलायला दोन तास पुरतात, पण जे आधीच प्रश्नचिन्ह होऊन साठलंय ते परत येत नाही. ते पुन्हा टाइप करावं लागेल आणि त्याचे तास वेगळे. हे काम करणारा आधी बॅकअप घेत नसेल, तर त्याला हात लावू देऊ नका.

दुसरं दुखणं: बातमीचा मथळा मराठीत टाकला की खालचा, मथळ्यावरून रोमन अक्षरांत आपोआप भरणारा 'स्लग'चा, म्हणजे पानाच्या पत्त्याचा, रकाना रिकामा राहतो आणि पान साठवताना लाल निरोप येतो. अॅडमिनचं हे आपोआप अक्षरांतर रशियन, ग्रीक, अरबीसारख्या लिप्यांचं होतं, देवनागरीचं मुळात नाही. फुकटचा उपाय म्हणजे त्या रकान्यात हाताने रोमन अक्षरांत दोन शब्द टाकणं. कायमचा उपाय तासाभराचा.

तिसरं, वेळ. सकाळी दहाला टाकलेला भाव पहाटे साडेचारचा दिसतो. साडेपाच तासांचा हा फरक म्हणजे सेटिंगमध्ये 'यूटीसी' राहिलंय, 'एशिया/कोलकाता' टाकलेलं नाही. गंमत म्हणजे जँगोच्या मूळ आतल्या सेटिंगमध्ये आजही शिकागोची वेळ आहे, लॉरेन्सच्या त्या वर्तमानपत्राच्या घड्याळाची. ही एक ओळ. तीच पाहताना भाषेच्या ओळीत 'एमआर' टाकून घ्या, अॅडमिनची बरीच बटणं मराठीत येतात. जुन्या आवृत्तीत बरेच शब्द इंग्रजीच राहतील. दुसऱ्या कामासोबत करून घेतलं तर याचे वेगळे पैसे मागू नयेत.

दुरुस्तीच्या नावाखाली केलेली तोडफोड

स्वस्तात झालेल्या काही दुरुस्त्या नंतर फार महाग पडतात. अॅडमिनचे रंग परत आणायला 'डीबग' चालू करून, सरावासाठी दिलेला छोटा सर्व्हर तसाच चालवून देणं, ही त्यातली पहिली. रंग येतात, सगळे खूश. पण डीबग चालू असताना कुठलीही चूक झाली की ते पान आतल्या फाइलींचे मार्ग, सेटिंग, कोडच्या ओळी साऱ्या जगाला दाखवतं. 400 आलं म्हणून होस्टच्या यादीत नुसती चांदणी (*) टाकणं, म्हणजे कुणीही या. 403 आलं म्हणून सीएसआरएफची पडताळणीच काढून टाकणं. फाइलीची परवानगी नाही म्हणून '777' करून सर्वांना सगळं लिहायला मोकळं सोडणं. चारही गोष्टींनी पान त्या क्षणी चालू होतं, म्हणून ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतच नाही.

ओळखायचं कसं? जँगोतच एक तपासणी आहे, 'चेक' आज्ञेला 'डिप्लॉय' जोडून चालवायची. धोक्याच्या बऱ्याच सेटिंगांची यादी ती काढून देते. दुरुस्तीपूर्वी एकदा आणि नंतर एकदा चालवून दोन्हींचा फोटो बिलासोबत जोडा, अशी अट घाला. मिनिटभराचं काम आहे, नकार द्यायला कारण नाही. आणखी एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता: साइटच्या पत्त्यापुढे काहीतरी वेडंवाकडं टाइप करा. साधं 'पान सापडलं नाही' आलं तर ठीक. पिवळ्या पट्टीखाली पत्त्यांची लांबलचक यादी आणि 'डीबग' शब्द दिसला, तर पैसे देण्याआधी तो बंद करून घ्या. सभासदांची बँक खाती, मोबाइल, आधारचे तपशील त्या डेटाबेसात असतात, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या चौकटीत जबाबदारी संस्थेवर येते. 'काम बाहेर दिलं होतं' म्हणून सुटका होत नाही.

एक कोटेशन, ओळीओळीने

समजा असं कोटेशन हातात पडलं: पोर्टल नव्याने 38,000, सुरक्षा प्रमाणपत्र 4,500, डोमेन 3,000, सुरक्षा पॅकेज 6,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,270. एकूण 60,770. आणि तक्रार काय, तर 403.

पहिली ओळ: नव्याने का, याचं कारण लेखी मागा. 'आवृत्ती जुनी आहे' असं उत्तर आलं तर ते खरंही असू शकेल. पण 3.2 वरून 5.2 वर चढवणं हे वेगळं काम आहे. मध्यम पोर्टलला तीनेक दिवस धरा, पंधरा ते तीस हजार. तुमचा डेटा, तुमची पानं तीच राहतात. ते करायचं असेल तर हंगाम संपल्यावर, स्वतंत्र ठरवून. आजच्या 403 ला ते औषध नव्हे.

दुसरी ओळ: 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं. 90 दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होईल अशी मांडणी करता येते. ती मांडणी करायचा एक तास द्या, 4,500 नव्हे. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा ईमेल यायचा. जून 2025 पासून तो बंद झालाय, त्यामुळे आपोआप नूतनीकरण खरंच होतंय का, हे दर दोन महिन्यांनी ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या खुणेवर टिचकी मारून पाहा.

डोमेन: 'डॉट इन'चं वर्षाचं भाडं साधारण सहाशे ते हजार. पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग, ही या धंद्याची रीत. नूतनीकरणाचा दर आधी विचारा. 3,000 तीन वर्षांचे असतील तर योग्य, एका वर्षाचे असतील तर नाही.

'सुरक्षा पॅकेज' म्हणजे काय काय, हे वाक्यात लिहून मागा. उत्तर म्हणून वर सांगितलेली तपासणी, बॅकअप आणि अॅडमिनचा पत्ता बदलणं एवढंच आलं, तर ते तीन तासांचं काम आहे.

जीएसटी: ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याने तो लावायचा नसतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणीची सक्तीही नाही. क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर टाकून खरा आहे का ते मिनिटात पाहता येतं.

होस्टिंगची ओळ या कोटेशनात नाही, पण असते तेव्हा महिन्याला दोन-तीन हजार लावलेले असतात. इंझोरीच्या भावफलकाला आणि सभासद यादीला 'डिजिटल ओशन'चा 1 जीबी मेमरीचा सर्व्हर पुरून उरतो. त्याचे महिन्याला 6 डॉलर, कर धरून सहाशे-साडेसहाशे रुपये, आणि आठवड्याच्या बॅकअपसाठी त्यावर 20 टक्के. वरचे पैसे सांभाळणाऱ्याच्या मेहनतीचे आहेत. ते द्यायला हरकत नाही, पण ते 'देखभाल' या नावाने, वेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत.

मग त्या 403 चं वाजवी बिल किती? बॅकअप एक तास, निदान आणि दुरुस्ती दोन, तपासणी आणि दोन ओळींचा लेखी अहवाल एक. चार तास, नऊशेच्या दराने 3,600. यापेक्षा थोडं जास्त झालं तरी भांडू नका. चांगला माणूस तुटला तर पुढच्या खेपेला महागात पडेल.

चाव्या कुणाकडे?

हे सगळे आकडे एका अटीवर खरे आहेत, ती म्हणजे सर्व्हर, डोमेन आणि कोड यांच्या चाव्या संस्थेकडे असणं. नसतील तर तासाभराच्या कामाला महिना लागतो. डोमेन त्या पोराच्या खात्यावर, सर्व्हरचं बिल त्याच्या कार्डावर, कोड त्याच्या लॅपटॉपवर, आणि ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर: ही अवस्था असेल, तर आज चालू असलं तरी पोर्टल तुमचं नाही.

अशा वेळी रागाने नवीन करायला घेऊ नका. त्या पोराला फोन करून हस्तांतरणाचे दोन-तीन हजार देऊ करा. त्याचीही एक सुट्टी जाणार आहे. डोमेन संस्थेच्या खात्यात आणि संस्थेच्या ईमेलवर, सर्व्हर संस्थेच्या कार्डावर, कोड गिटहबवर संस्थेच्या खाजगी जागेत, डेटाबेसची एक प्रत पेन ड्राइव्हवर. आणि एक कागद. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या, बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडची मालकी, लेखी हस्तांतरण नसेल तर, साधारणपणे त्याच्याकडेच राहते. पैसे दिले म्हणून ती आपोआप तुमची होत नाही. दोन परिच्छेदांचं पत्र, दोघांच्या सह्या.

दुरुस्तीवाल्याला मात्र या सगळ्या चाव्या देऊ नका. त्याच्यासाठी सर्व्हरवर वेगळं खातं, अॅडमिनमध्ये वेगळा वापरकर्ता, काम झालं की दोन्ही बंद. व्हॉट्सअॅपवर पासवर्ड पाठवला असेल तर काम संपल्याच्या संध्याकाळी बदला.

काम बिघडवून गेला तर

आधी लेखी कळवा आणि मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915. त्यापुढे वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यात एक चांगली सोय झाली: तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, एजन्सी पुण्याची असली तरी. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

पण एक अडचण आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याच्या 'ग्राहक' व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. कृषी सेवा केंद्र स्वतः चालवणाऱ्याची बाजू म्हणून भक्कम, उत्पादक कंपनीची डळमळीत. कंपनीला मग करार आणि दिवाणी मार्गच धरावा लागेल, आणि छत्तीसशे रुपयांसाठी तो कुणी धरत नाही. म्हणून अर्धे पैसे काम सुरू करताना, अर्धे पंधरा दिवस नीट चालल्यावर, एवढं तरी आधी ठरवून घ्या.

वर्षाचा देखभाल करार करायचा असेल तर तासांत करा: वर्षाला बारा तास, त्यात दोन वेळा तपासणी, दर महिन्याचा बॅकअप घेतला याचा पुरावा, आणि जँगोच्या सुरक्षा दुरुस्त्या. साताठ ते चौदा-पंधरा हजारांत बसतं. संस्थेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला यात रस असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्सचे पाठ मराठीतूनही फुकट ऐकता येतात. त्यांची ती साइट स्वतः जँगोवरच बांधलेली आहे. पासवर्ड बदलणं, बॅकअप घेणं, लॉगच्या शेवटच्या ओळी वाचून दाखवणं एवढं गावातच जमलं, तर बारा तासांचे सहा होतात. करार मात्र सप्टेंबरमध्ये करा, आवक सुरू व्हायच्या आधी. ऑक्टोबरात फोन केलात तर घाई तुमची असते आणि दर त्यांचा.